भरलेल्या मडक्याचा प्रश्न

“नाव सांगा. त्याचं नाव काय, एवढंच सांगा.”

पाण्यानं भरलेलं मडकं दोन्ही हातांत धरून तो माणूस विचारत होता. आवाज मात्र हुकूम सोडणाऱ्याचा होता.

धरणाकाठच्या आमच्या मढीचा, म्हणजे बुवांच्या छोट्या मठाचा, रिवाज आहे. गहिनीबुवांना काही विचारायचं तर काठोकाठ भरलेलं मडकं हातात धरूनच विचारायचं. पाणी सांडलं की प्रश्न संपला. लोकांना वाटतं, यात काहीतरी गूढ आहे. कसलं गूढ हो! लोक फार बोलतात, म्हणून बुवांनी काढलेली ती युक्ती. मडकं भरायचं काम माझं, आणि तीस वर्षं मी ते कुरकुरत करतो आहे.

हा आला तो वैशाखातल्या भर दुपारी. धरणाचं पाणी इतकं मागं हटलं होतं की बुडालेल्या जुन्या गावाच्या भिंती उघड्या पडल्या होत्या. शेतांच्या हद्दीचे दगडसुद्धा वर आले होते. वारा नाही, पाखरू नाही. एरवी काठाला म्हशी तरी असतात, त्या दिवशी त्याही नव्हत्या.

माणसाचं नाव श्रीरंग उबाळे. सरकारी मोजणीदार. वय चौतीस-पस्तीस, आणि काखेत ही एवढी फाईल. ती त्यानं आधी बुवांच्या पुढ्यात ठेवली, मग समोर बसून मडकं घेतलं.

“कशाचं नाव?” बुवा म्हणाले. त्यांनी फाईल उघडली नव्हती.

“मला फिट येते. तीन वर्षं झाली. डोक्याचे फोटो काढले, तारा लावून आलेख काढले. पाच डॉक्टर झाले. सगळे रिपोर्ट नॉर्मल! एक म्हणतो अपस्मार, दुसरा म्हणतो तसं वाटत नाही, तिसरा म्हणतो टेन्शन घेऊ नका. मी लोकांच्या जमिनीची हद्द बोटभर चुकू देत नाही, बुवा. इथपर्यंत तुझं, इथून पुढं त्याचं. आणि माझ्या डोक्यात काय आहे, ते मला कुणी धड सांगत नाही.”

“गोळ्या घेतोस?”

“घेतो. कशावरच्या, ते माहीत नसताना घेतो.”

“नाव कळल्यावर काय करशील?”

मडक्यातलं पाणी थरथरलं. मी पाहिलं. म्हटलं, आता सांडणार.

“मुलगी आहे मला,” तो म्हणाला. “राही. चौदा महिन्यांची. तिला उचलू की नको, ते ठरवीन.”

“म्हणजे?”

“संक्रांतीनंतरची गोष्ट. ती माझ्या कडेवर होती. बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मला तेवढंच आठवतं. शुद्धीवर आलो तेव्हा मी फरशीवर पडलेलो, ओठ फुटलेला. आणि राही...”

बुवांनी मान वर केली.

“राही पाळण्यात होती. बसून माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. नुसती बघत होती.”

“पाळण्यात कुणी ठेवली?”

“बायको म्हणते, मी नाही. मी खाली आले तेव्हा ती पाळण्यातच होती.” त्यानं मडकं छातीशी घट्ट धरलं. “मला धीर यावा म्हणून खोटं बोलते ती. दुसरं काय असणार? माझ्या हातून पोर पडली असणार, तिनं उचलून ठेवली असणार. त्या दिवसापासून मी राहीला हात लावलेला नाही. चार महिने झाले. ती दोन्ही हात पुढे करते... आणि मी उठून बाहेर जातो.”

खरं सांगतो, साहेबलोकांची मला एरवी कीव येत नाही. पण तेव्हा वाटलं, जाऊन याच्या हातातलं मडकं घ्यावं आणि म्हणावं, राहू दे बाबा, आधी चहा घे.

बुवांनी मात्र भलतंच विचारलं. “जमीन मोजताना शेजारचा शेतकरी हजर लागतो ना?”

“लागतो. आधी नोटीस द्यावी लागते.”

“आणि तो आलाच नाही तर?”

“मोजणी उरकता येते. पण भांडण मिटत नाही. मागाहून येतो आणि म्हणतो, मी नव्हतो, मला मान्य नाही.”

“तुझ्या डोक्याचे फोटो काढले... तेव्हा तो हजर होता?”

“कोण तो?”

बुवांनी दाराकडे मान वळवली. बाहेर उघड्या पडलेल्या हद्दीच्या दगडांकडे बघत राहिले.

“बुवा, कोण तो? मी तुम्हाला सरळ विचार...”

आणि श्रीरंग थांबला. शब्दाच्या मध्येच. डोळे उघडे होते, आमच्याकडेच वळलेले होते, पण त्यातून बघणारं कुणी नव्हतं.

“बुवा, फिट!” मी ओरडलो आणि कांदा आणायला मागच्या चुलीकडे धावलो. लहानपणापासून आम्ही हेच करत आलोय. फिट आली की कांदा फोडून नाकाला लावायचा, नाहीतर चप्पल हुंगवायची.

मागून बुवांचा आवाज आला. “भानुदास, थांब. इथं बस आणि बघ.”

मी कसला थांबतो! टोपलीतला कांदा घेतला, बुक्कीनं फोडला. दारातली चप्पलही उचलली, न जाणो, एकानं नाही भागलं तर. आणि तसाच आत आलो.

श्रीरंग जमिनीवर आडवा होता, एका कुशीवर. अंग ताठ झालं होतं, मग झटके सुरू झाले. जमीन धप धप वाजत होती. बुवा जागचे हलले नव्हते. ओठ हलत होते त्यांचे. मला वाटलं मंत्र म्हणताहेत. नीट ऐकलं तर आकडे मोजत होते.

“चप्पल टाक,” आकड्यांच्या मधेच ते म्हणाले. “घोंगडी घे, त्याच्या डोक्याखाली घाल. तोंडात काही घालू नकोस. धरूही नकोस.”

मी तसं केलं.

हळूहळू झटके थांबले. श्वास घोरल्यासारखा येऊ लागला. मग सगळं इतकं शांत झालं की मला ती शांतता नको झाली. काहीतरी करावं म्हणून मी सांडलेलं पाणी पुसायला फडकं घेतलं.

पाणी कुठं सांडलंच नव्हतं.

मी सारवलेल्या जमिनीवरून हात फिरवला. कोरडी. मग मडकं शोधलं. ते कोपऱ्यात होतं. चिंध्यांच्या गोल चुंबळीवर, सरळ, काठोकाठ भरलेलं.

आता हे नीट समजून घ्या. आमचं मडकं गोल बुडाचं आहे, चुंबळीशिवाय ते उभं राहत नाही, कलंडतं. आणि चुंबळ श्रीरंगच्या पाठीमागं, चार पावलांवर कोपऱ्यात होती. तिथूनच मी ते उचलून त्याच्या हातात दिलं होतं.

“बुवा... तुम्ही उठला होतात?”

विचारलं आणि माझी मलाच लाज वाटली. आठ वर्षांपूर्वी बुवांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून माझ्या खांद्याचा आधार घेतल्याशिवाय त्यांना उठता येत नाही.

बऱ्याच वेळानं श्रीरंगनं डोळे उघडले. ओळख पटायला वेळ लागला त्याला. आणि पहिला शब्द काय निघाला?

“राही कुठंय?”

“घरी आहे,” बुवा म्हणाले. “तू मढीत आहेस. पडून राहा जरा.”

तो पडून राहिला. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे गेलं, त्यानं पुसलं नाही. मी त्याला बसतं केलं तेव्हा बुवा म्हणाले, “तुझी मोजणीची वही काढ. लिही.”

त्यानं काढली.

“आधी डाव्या हाताचा अंगठा हलला. मग तोंडात काही चघळल्यासारखे ओठ हलवलेस, चार-पाच वेळा. मग उठलास. चाललास. परत आलास. मान डावीकडं वळली, तशीच राहिली. मग आडवा झालास, ताठलास. मग झटके, माझे शंभर आकडे होईपर्यंत. शुद्धीवर आलास तेव्हा उन्हाची तिरीप उंबऱ्यावरून खांबापर्यंत आली होती. डॉक्टरला फाईल दाखवायच्या आधी हे वाचून दाखव.”

श्रीरंग लिहीत होता. अक्षर वाकडंतिकडं येत होतं.

“प्रत्येक डॉक्टर हेच विचारायचा,” तो पुटपुटला. “सुरुवात कशी होते? कुणालाच सांगता आलं नाही. घरी बायको चप्पल आणायला पळते. ऑफिसात शिपाई कांदा आणायला...”

मी हातातला कांदा हळूच पाठीमागं नेला.

मग त्याची पेन्सिल थांबली.

“उठलो? चाललो? कुठं गेलो मी?”

बुवांनी हनुवटीनं कोपरा दाखवला.

त्यानं मडकं पाहिलं. कितीतरी वेळ पाहत राहिला. मग गुडघ्यांवर रांगत तिथपर्यंत गेला, काठाला बोट लावलं. बोट ओलं झालं. आतलं पाणी जराही हलत नव्हतं, सकाळपासून तिथंच ठेवल्यासारखं.

“हे तुम्ही ठेवलंत?” त्यानं मला विचारलं.

“मी कांद्याला गेलो होतो, साहेब.”

तो बुवांकडे वळला. त्यांच्या मुडपून पडलेल्या पायांकडे पाहिलं, शेजारी आडव्या पडलेल्या काठीकडे पाहिलं, आणि त्यांना काही विचारलं नाही.

बाहेर पाण्याच्या बाजूनं काहीतरी डुबकन पडल्याचा आवाज आला. मी पाहिलं. तरंगसुद्धा नव्हता.

“म्हणजे... बायको खोटं बोलत नव्हती,” श्रीरंग अगदी हळू म्हणाला. चेहरा पांढरा पडला होता त्याचा. हात मडक्याच्या काठावर तसाच होता. “मग राहीला पाळण्यात ठेवणारा तो कोण आहे, बुवा? त्याचं नाव काय?”

बुवांनी फाईल, न उघडता, त्याच्याकडे सरकवली.

“नाव डॉक्टरला विचार, लेकरा. मला ठाऊक नाही. मी एवढंच पाहिलं... हातातलं तो आधी नीट ठेवतो. मग पडतो.”