भिणाऱ्यांचा डोंगर

फार फार वर्षांपूर्वी, मुलांनो आणि मोठ्यांनो, एका डोंगराच्या पायथ्याला गवती छपरांचं गाव होतं. दर उन्हाळ्यात डोंगरावर वणवा पेटायचा. तो विझवायला राजाचे शिपाई नव्हते. गावातलेच पाच जण आपणहून जायचे. गवत कापून मोकळा पट्टा काढायचे आणि हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपायचे.

एका वर्षी वारा फिरला. गाव वाचलं, पण कोंडाजी कुंभार आणि म्हाळू धनगर परतले नाहीत.

गावानं वेशीवर दगड उभा केला. दरवर्षी त्या दिवशी नारळ फुटे आणि पाटील सांगत, "भीती म्हणून त्यांना ठाऊक नव्हती. अशी माणसं पुन्हा होणे नाही." लोक हात जोडत आणि घरी जात.

उरलेले तिघे म्हातारे झाले. त्यांची जागा कोणीच घेतली नाही.

मग एका साली वारा लवकर सुटला. कोंडाजीची बायको गोजरा, तिचं कशात मन लागेना. भाकरी थापता थापता ती उठे, अंगणात येऊन वाऱ्याचा वास घेई, डोंगराकडे बघे आणि पुन्हा आत जाई. शेवटी ती दारोदार फिरली.

"पट्टा कापायला कोण येतंय?"

"वहिनी, कोंडाजीची छाती आम्हाला कुठली?" सगळीकडे हेच उत्तर.

स्मरणाचा दिवस आला. पाटील नेहमीचंच बोलू लागले, तशी गोजरा उठली.

"थांबा, पाटील. आमचे धनी भित्रे होते."

लोक चपापले. कोणी तरी म्हणालं, "बाई, असं बोलू नये."

"बोलणार. त्या दिवशी त्यांचे हात इतके थरथरत होते, की पटका मी बांधला. दोनदा पाणी मागितलं, घोट उतरेना. मी म्हटलं, जाऊ नका. तर म्हणाले, 'मलाही जायचं नाही गं. पण म्हाळू एकटाच पुढं वर गेलाय.' आणि गेले."

मग मागून कोष्ट्याची सून हळूच म्हणाली, "म्हणजे, भिणाऱ्यानं आलं तर चालतं?"

"चालतं," गोजरा म्हणाली. "तेच येतात."

दुसऱ्या दिवशी अकरा जण विळे घेऊन डोंगर चढले. तिघा म्हाताऱ्यांनी जागा दाखवली, अकरा जणांनी पट्टा कापला.

पंधरा दिवसांनी वणवा आला. धूर दाटला, सगळेच घाबरले. एक जण तर रडत रडत डहाळी मारत होता. पण आग पट्ट्यापाशी अडली आणि तिथंच विझली. गोजरानं उतरणारी माणसं बोटांवर मोजली. अकराच्या अकरा होती.

वारा सुटला की गोजराच्या जिवाची घालमेल पुढंही होत राहिली. पण आता डोंगराकडे बघत ती एकटी उभी नसे.

बोध: दुसऱ्यांसाठी जीव देणाऱ्यांना देव करून दूर ठेवू नका, ते आपल्यासारखेच होते हे लक्षात ठेवा, म्हणजे त्यांचं काम आपल्या हातून होईल.