सुखरू आणि फिरते दिवे

एका गावात एक नाटक कंपनी होती आणि त्या कंपनीत सुखरू नावाचा एक भोळा दिवेवाला होता. इतका भोळा, की कोणी "थांब जरा" म्हटलं, तर दुसऱ्या दिवशीही तिथेच सापडायचा.

एकदा कंपनीत नवा लाइटबोर्ड आला. त्यावर बटणं दाबून आपले आपण इफेक्ट बनवता येत. दिवे नाचवा, पळवा, लाटांसारखे हलवा. इफेक्ट बनवण्यात सुखरूचा हात धरणारा कोणी नव्हता. बनवलेला इफेक्ट वापरायचा कधी, एवढंच त्याला कळत नसे.

सुखरूचा मामा म्हणाला, "मंडईच्या जत्रेतलं नाटक बिनचूक पार पाड, त्याच मांडवात माही पोरगी कौसल्या तुले देतो." कौसल्येवर सुखरूचा भारी जीव. तो हरखला आणि कंपनीचे मालक डोमाजी यांचा शब्द न् शब्द झेलू लागला.

डोमाजी म्हणाले, "राजा जिकडं जाईन, तिकडं उजेड गेला पाहिजे. समजलं?"

"समजलं."

सुखरूने राजाच्या मागे धावणारा उजेड बनवला. राजा सिंहासनाकडे गेला, उजेड गेला. अंक संपला. राजा लोटा घेऊन मांडवामागच्या तुरीत गेला. उजेड तिथेही गेला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पुढचा अंक राजाने मान खाली घालूनच उरकला.

डोमाजींनी कपाळावर हात मारला. "अबे, माणूस बाहेर निघाला की अंधार करावं!"

"आता ध्यानात ठेवतो."

पुढच्या गावात राणीचं गाणं रंगात आलं होतं. प्रेक्षकांतला एक म्हातारा विडी ओढायला बाहेर निघाला. सुखरूने अंधार केला. नाचता नाचता राणी तबल्यावर पडली.

"बाहेर कोण जाते ते काहून पाहतो बे?" डोमाजी ओरडले. "स्टेजवर पाह्य! स्टेजवर कोणी आडवं पडलं की लाल उजेड. छातीसारखा धडधडवायचा आन् हळूहळू विझवायचा. मरणाचा सीन असाच असते."

"आता ध्यानात ठेवतो."

सुखरूने असा लाल इफेक्ट बनवला, की पाहणाऱ्याने स्वतःची नाडी चाचपावी. त्याच्या पुढच्या गावात राजाने गुरूंना साष्टांग नमस्कार घातला. राजा आडवा दिसला. लाल उजेड धडधडला, मंदावला, विझला. बायकांनी हंबरडा फोडला. अंधारात गुरू म्हणाले, "शंभर वर्षं जग, बाळा!"

डोमाजींचा ओरडून घसा बसला. "अबे, शुभ-अशुभ काही कळते का नाही तुले? नटूनथटून जोडी उभी असन, कोणी आशीर्वादाचा हात वर केला, तर सोनेरी उजेड! गोल फिरव, फुलं पाड! आन् मांडवाले आग लागली तरी बोर्ड सोडू नको!"

"आता ध्यानात ठेवतो."

मंडईचं नाटक बिनचूक झालं. कोणाचाच विश्वास बसेना, सुखरूचा तर मुळीच नाही. मामा खूश होऊन शालूतल्या कौसल्येला घेऊन स्टेजवर चढला आणि माइक धरून म्हणाला, "पोरगी देतो म्हटलं होतं, देतो! जावईबापू, वर या!"

सुखरूला ऐकू आलं. पण बोर्ड सोडायचा नव्हता. तो हलला नाही.

लोक गलका करू लागले. राजाचं काम करणारा चिंधू, बिनलग्नाचा गडी, काय झालं ते बघायला मुकुटासकट पुढे आला आणि नेमका कौसल्येच्या शेजारी उभा राहिला. लोकांना गप्प करायला मामाने हात वर केला.

शुभ प्रसंग सुखरूने लगेच ओळखला.

सोनेरी उजेड जोडीभोवती गरगर फिरला. उजेडाची फुलं बरसली. दिवे बघून वाजवायची सवय असलेल्या सनईवाल्याने सनई धरली. लोकांना वाटलं, जावई हाच! अक्षता नव्हत्या, म्हणून त्यांनी हातातले मुरमुरे टाकले. कौसल्येने चिंधूकडे पाहिलं, चिंधूने कौसल्येकडे, आणि नाटकातलेच हार एकमेकांच्या गळ्यात पडले.

"बाबा, आता नाही नका म्हणू," कौसल्या म्हणाली. "एवढा उजेड आपल्या गावात कोणाच्याच लग्नात नव्हता."

मामा धावत बोर्डापाशी आला. "अबे भाच्या, तुले बोलावलं ना! काहून नाही आला?"

सुखरूने बटणावरचं बोट काही उचललं नाही. म्हणाला, "मामाजी, मी वर आलो असतो, तर माह्या लग्नाचे दिवे कोणी फिरवले असते?"