सुगडातली किल्ली

टेंभुरखेड्यात दर संक्रांतीला गावाचा खजिनाशोध असतो. यंदा जिंकणाऱ्याला बाजारातला गाळा वर्षभर मिळणार होता. उन्हात मडकी विकून करपलेल्या भागीरथी कुंभारणीला तो हवाच होता.

सरपंच दौलतरावांनी शेवटचं कोडं वाचलं,

"मातीत जन्म, आगीत न्हाण,
पोटात माझ्या दडलंय वाण."

लोक देवळामागे धावले. भागीरथी मांडवात पूजेसाठी झाकून ठेवलेल्या रिकाम्या सुगडांपाशी गेली आणि एकेकाला टिचकी मारत निघाली. भट्टीतलं मडकं ती अशीच पारखायची. सगळी खणखणली, एक बद्द वाजलं. त्यात तीळ होते आणि तिळांत गाळ्याची किल्ली.

"थांब!" सरपंच गरजले. "विधवेनं पूजेच्या सुगडाला हात लावला! अपशकुन झाला. ठेव ती किल्ली खाली!"

भागीरथीनं किल्ली ठेवली.

"ठेवली, सरपंच. पण धनी जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून गावातलं प्रत्येक सुगड याच हातांनी घडवलंय. हे हात अशुभ असतील, तर ही सगळी आत्ता फोडा. पहिलं तुमच्या घरचं."

संक्रांतीला सुगड फोडायचं? कुणी जागचं हललं नाही.

सरपंचांच्या कारभारणीनं किल्ली उचलून भागीरथीच्या मुठीत दिली.

"पुढल्या संक्रांतीलाही सुगडं तुमच्याच हातची द्या हं, भागीरथीबाई."