बुडबुड्याची वाट

खूप आधीची गोष्ट आहे बरं का, चिनीमातीतून आरपार दिसेल असं कुणाला वाटतही नव्हतं तेव्हाची. भट्टीत पांढऱ्या भुकटीची एक चकती तापत होती. तिला दिव्याची काच व्हायचं होतं. पांढरीच राहिली असती तर भंगारात गेली असती.

आच चढली तसे भुकटीचे कण शेजाऱ्यांना गिळून फुगायला लागले. मधला हवेचा बुडबुडा म्हणाला, "दादांनो, दमानं घ्या की. तुमच्यामधली वाट बुजली तर मी आतच अडकेन."

"तुझ्यासाठी आम्ही वाढायचं थांबायचं?"

"चकतीसाठी थांबा रे. मी आत राहिलो तर उजेड मलाच अडखळेल, चकती पांढरीच राहील."

भट्टीताईनं आच उतरवली, कणही थबकले. बुडबुडा त्यांच्यामधल्या फटीतून हळूच निसटला. निरोप घ्यायला वळला, तर चकती दिसेचना. दिसली ती थेट पलीकडची भिंत.