दोर धरणारा बुधा

डोंगरात मध काढणाऱ्यांची एक वाडी होती. तिथे एक रीत होती. जो दोराला लटकून कड्यावरचा मध काढी, त्याचा दोर वर त्याच्या बायकोच्या भावानेच धरायचा. आपल्या बहिणीला विधवा करायला कोण धजेल?

हैबतीचा दोर त्याचा मेहुणा बुधा धरी. एके दिवशी माश्या एकदम उठल्या आणि बुधावर तुटून पडल्या. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दोर सुटला! सरसरत कड्याकडे गेला आणि करवंदीच्या मुळात अडकला. हैबती झटक्याने खाली घसरला आणि अधांतरी लोंबकळत राहिला. बुधा भानावर आला आणि त्याने त्याला हळूहळू वर ओढलं. लोक धावत आले, तेव्हा त्यांना एवढंच दिसलं, की माश्या डसत असतानाही बुधा दोर ओढतोय.

"वाघ आहेस रे! हैबती, आता जन्मभर मेहुण्याचे पाय चेप!"

सगळे हसले. बुधाने खरं काय ते सांगितलं नाही. पण लोक जितकं कौतुक करत, तितका तो स्वतःला नकोसा होत गेला.

आठव्या दिवशी देवीपुढे पोळं कापलं. मानाचा पहिला तुकडा घेऊन त्याची बहीणच पुढे आली.

"घे रे. तुझ्यामुळे माझं कुंकू राहिलं."

बुधाचा हात पुढे होईना.

"आक्का, मी दोर सोडला होता. मुळाने धरला. मी नाही."

बहिणीच्या हातातला तुकडा खाली पडला.

"मला ठाऊक होतं," हैबती म्हणाला.

बुधा हबकलाच. "काय म्हणता, दाजी?"

"सुटलेला दोर अडवला की हाताचं सालटं निघतं. तुझे तळवे कोरे होते."

"मग बोलला का नाहीत?"

"ते तुझं तूच बोलायचं होतं. घाबरणाऱ्याच्या हाती मी दोर देईन, लपवणाऱ्याच्या नाही. पाय दुखतो म्हणून आठ दिवस घरी बसलो ना, तो काही दुखत नव्हता. उद्या कड्यावर जाऊ. दोर तूच धर."

बहिणीने खाली पडलेला तुकडा उचलला. "मीही येणार," ती म्हणाली. "माझे डोळे तुझ्या हातांवर असतील."

"ये," बुधा म्हणाला, आणि त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

तात्पर्य: चुकलेला माणूस चूक कबूल करून पुन्हा स्वतःशी सुखाने नांदू शकतो; पण खोट्या कौतुकाखाली ती चूक लपवणारा स्वतःलाच नकोसा होतो.