चित्र्याची राखण

सगुणा धनगरीण रोज कोकरं आणि भाकरीचं गाठोडं आपल्या चित्र्या कुत्र्यावर सोपवून रानभर हिंडायची. इनामदारांनी एकदा तिला चावडीपुढं हटकलं, "या गावठी कुत्र्याला काही शिस्त? माझ्या विलायती कुत्र्यासारखा मटणापुढं बसवून दाखव, नाहीतर गावाबाहेर घालव!"

दोन्ही कुत्र्यांपुढं मटणाची एकेक थाळी ठेवली. इनामदारांनी बोट दाखवताच त्यांचा कुत्रा गप्प बसला. चित्र्याही बसला.

"सरकार, आता आपण जरा चावडीमागं जाऊन येऊ," सगुणा म्हणाली.

परत येऊन पाहतात तर विलायती कुत्र्याची थाळी लख्ख! चित्र्या मात्र आपली थाळी राखत बसलेला.

"माझा कुत्रा हुकूम मानतो!" इनामदार गरजले.

"मानतो की, तुमची पाठ फिरेपर्यंत," सगुणा ताठ मानेनं म्हणाली. "आम्ही कुत्रा ठेवतो, तो पाठ फिरवता यावी म्हणूनच."