कुंभाराचं अंगण आणि झिल्ल्या

एका गावात एक कुंभार राहत होता. निरोप आला त्या दिवशी तो रोजच्यासारखा पायांनी माती तुडवत होता. मुलीचं लग्न ठरलं होतं. मुहूर्त बाराव्या दिवशी, गोरजाचा, आणि लग्न त्याच्याच अंगणात. कुंभारानं तशाच चिखलाच्या पायांनी निरोप्याला गूळ-पाणी दिलं. तो गेल्यावर थोडा वेळ चाकापाशी एकटाच बसला. ही बातमी जिला सगळ्यात आधी सांगायची, ती मुलीची आई आता हयात नव्हती.

आनंदात एकच काळजी होती. होणाऱ्या विहीणबाई रुसण्याबद्दल पंचक्रोशीत प्रसिद्ध होत्या. थोरल्या मुलाच्या लग्नात त्या वरण पातळ झालं म्हणून रुसल्या होत्या. मधल्याच्या लग्नात तर मांडव ठेंगणा म्हणून त्यांनी गाड्या परत जुंपायला लावल्या होत्या. तेव्हा अंगण तरी आरशासारखं हवं, असं भाऊबंदांनी ठरवलं. जमीन भिजवायची, लाकडी धुमसानं ठोकून सपाट करायची आणि वरून सारवायची.

दुसऱ्या दिवशी सगळे धुमस घेऊन हजर झाले. पाहतात तर अंगणातल्या जांभळीखाली बोट जाईल एवढी भोकं पडलेली. शेजारच्या शेतकऱ्यानं एक ढेकूळ उचकटलं. आतून मातकट रंगाचा, नांग्यांसारख्या पायांचा एक किडा निघाला.

“हुमणी आहे ही,” शेतकरी म्हणाला. “माझा अख्खा ऊस हिनंच खाल्ला. घाल धुमस.”

कुंभार वाकला. त्यानं भोकात करंगळी घालून फिरवली. आतली भिंत गुळगुळीत होती, ओल्या बोटानं लिंपून काढावी तशी. एका भोकाच्या तोंडाशी तर मातीची बुटकी मान वळली होती, सुगडाच्या मानेसारखी.

“हुमणी भिंत लिंपत नाही,” तो म्हणाला. “हे कुणीतरी कारागीर आहे.”

भाऊबंद हसले. किड्याच्या कारागिरीपायी पोरीचं लग्न मोडशील, असंही कुणी सुनावलं. विहीणबाईंनी परत जुंपलेल्या गाड्या कुंभाराला दिसू लागल्या. त्यानं मुलीकडे पाहिलं. लग्न तिचं होतं.

मुलीनंही एका भोकात बोट घातलं होतं. “आबा, आतलं लिंपण ओलं आहे अजून,” ती म्हणाली. “आपलं मडकं ओलं असताना आपण कुणाला हात लावू देतो का?”

कुंभारानं धुमस भिंतीला टेकवून ठेवला आणि सगळ्यांना ताक पाजून घरी पाठवलं.

त्याच संध्याकाळी भोकांतून एकेक किडा बाहेर आला आणि जांभळीच्या खोडावर चढून घट्ट बसला. त्याची पाठ उभी फाटली आणि आतून पांढुरकं, ओलं पाखरू निघालं. चुरगळलेले पंख हळूहळू सरळ झाले. सकाळी खोडावर नुसती टरफलं चिकटलेली होती आणि पाखरं शेंड्याला गेली होती. दर वैशाखात किर्र करून कान किटवणाऱ्या झिल्ल्या त्या याच. वर्षानुवर्षं त्या पायाखाली मुळांचा रस पीत अंधारात बसतात आणि वर येऊन जेमतेम काही आठवडे गातात, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरं टरफलं सदऱ्यांना बिल्ल्यासारखी लावून हिंडू लागली. रोज नवी भोकं पडत होती, त्यामुळे लग्नाचा दिवस आला तरी अंगण तसंच राहिलं.

वऱ्हाड आलं. विहीणबाईंनी गाडीतून पाय खाली ठेवला आणि त्या म्हणाल्या, “अंगण म्हणायचं की चाळणी?” मग त्या थेट जांभळीखाली जाऊन पाठ फिरवून बसल्या.

पण सूर्य मावळतीला कलला आणि झाडावरून एक झिल्ली वाजली. मागून दुसरी, मग शेकडो. अख्खी जांभळ वाजायला लागली. भटजींचं “सावधान” कुणालाच ऐकू येईना. कुणी आधी अक्षता टाकल्या, कुणी नंतर, आणि एक मूठ तर भटजींच्या उघड्या तोंडातच गेली. नवरीला हसू आवरेना.

कुंभार हात जोडून विहीणबाईंसमोर उभा राहिला. त्यांनी बोटं मोडत आपली गाऱ्हाणी सांगितली. त्याला एक अक्षर कळलं नाही. तो प्रत्येक वेळी मान डोलावत राहिला. त्यानं काय समजूत घातली, ते त्यांनाही कळलं नाही. त्या पुन्हा ओरडल्या, त्यानं पुन्हा मान डोलावली. शेवटी विहीणबाईंनाच हसू फुटलं. इतकं, की पदर तोंडाला लावूनही थांबेना. त्या उठल्या आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून वर झाडाकडे बघत राहिल्या.

या खेपेला गाड्या न जुंपताच उभ्या राहिल्या. पंगती रात्री उशिरापर्यंत चालल्या.

तात्पर्य: ज्यांना उजेडात यायला वर्षं लागली, त्यांची वाट आपल्या एका दिवसाच्या शोभेसाठी बुजवू नये; त्यांच्या आनंदात आपलाही मावतो.

विहीणबाई नेमक्या कशाकशावर रुसल्या होत्या, ते मात्र विचारायचं राहूनच गेलं.